उलट्या आट्याचं कडं

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा हा विषय टाळत आलो — म्हणजे बघा, ज्याला सगळं ठाऊक असतं म्हणतात त्याच्यापासूनही लपवायला बघत होतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा बाजाराच्या दिवशी एक माणूस माझ्या दुकानावरून जातो, एक पाय ताठ टाकत, आणि माझ्याकडे बघून हसतो, म्हणून असेल. तो लांबून दिसला की मी हातातल्या चाकावर मान खाली घालतो. इतकी वर्षं झाली, पण ती मान काही वर येत नाही.

जरा धीर धरा. मला थोडं फिरून यावं लागणार. सरळ त्या जागी जाऊन उभं राहायची हिंमत असती, तर एवढी वर्षं गप्प कशाला बसलो असतो?

मी मंगरूळपीरचा किसन मिस्त्री. माझा बाप बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढवायचा. लाल झालेली धाव चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं, आणि लोखंड आवळत गेलं की लाकूड कसं कुरकुरतं ते ऐकायचं — माझं लहानपण त्या कुरकुरीत गेलं. मी मात्र सायकलीच्या चाकाला लागलो. गावात तेव्हा सायकली मोजक्या. वकिलांची, मास्तरांची, एखाद्या सावकाराच्या पोराची. मी पंक्चर काढता काढता आरे ओढायला शिकलो, वाकडं चाक सरळ करायला शिकलो, तुटलेल्या दांडीला पितळेचा टाका मारायला शिकलो. हळूहळू आजूबाजूची खेडीही माझ्याकडे येऊ लागली. शेलूबाजारचे यायचे, किन्हीराजाचे यायचे. "किसन मिस्त्रीचा हात लागला म्हंजे सायकल नवरीवानी चालते," असं लोक म्हणायचे. मीही ते ऐकून घ्यायचो. खरं सांगू? ऐकून घ्यायचो नाही — ते ऐकायला मिळावं म्हणून काम करायचो.

मोठी लढाई लागायच्या आधीची गोष्ट. आमच्या तालमीतल्या मंडळींनी सायकलची शर्यत काढली. मंगरूळपीरहून निघायचं, शेलूबाजारला वळसा घालायचा आणि परत. पहिली दोन वर्षं गंमतच होती. कोणी धोतर साखळीत अडकून पडला, कोणी वाटेत कोणाच्या वावरात हुरडा खायला बसला. पण तिसऱ्या वर्षी मंडळींनी सांगितलं, यंदा जो पहिला येईल त्याला जरीचा फेटा, आणि पुढं अमरावतीच्या शर्यतीला आपल्या गावातर्फे तोच जाईल. मग गावाला चेव चढला. दुपारी पारावर बसून लोक पैजा लावायचे. आणि सायकली सगळ्या माझ्याकडे.

शर्यतीची सायकल म्हणजे काय, तर पहिल्यांदा तिचं सगळं उतरवायचं. मडगार्ड काढा, कॅरिअर काढा, घंटी काढा, स्टँड काढा. ब्रेकसुद्धा काढायचे. वजन कमी, लोखंडाच्या दांड्यांची खडखड कमी. मग थांबायचं कसं? त्यासाठी मागं पक्कं चाक. तुम्ही सायकल चालवली असेल तर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं, हे ठाऊक असेलच. पक्क्या चाकाचं तसं नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. वेग कमी करायचा तर पायांनी मागं जोर द्यायचा, चाक आपोआप दबतं. पायच ब्रेक. हुशार माणसाच्या पायात सायकल अशी राहते की काय सांगू.

त्या पक्क्या चाकाची एक खुबी आहे, ती तुम्हाला समजून घ्यावी लागेल, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळणार नाही. मागच्या चाकाला दात्यांची चकती असते, तिच्यावर साखळी चालते. ही चकती, बोल्टावर नट चढवावा तशी, आट्यावर फिरवून बसवलेली. पुढं पायडल मारलं की ती अधिकच आवळते. पण मागं जोर दिला की तीच चकती सुटायला बघते. ती सुटू नये म्हणून तिच्यावर बाहेरून एक लोखंडी कडं चढवतात, आणि त्या कड्याचा आटा उलटा असतो. चकती ज्या बाजूला सुटायला जाते, त्याच बाजूला कडं आवळतं. एकाचं सुटणं ते दुसऱ्याचं बसणं. कडं आहे तर सगळं आहे. कडं नसेल — तर सपाट रस्त्यावर काही कळणार नाही. उतारावर कळेल.

त्या वर्षी दोघंच खरे शर्यतीतले. एक इंझोरीचा मधुकरराव, देशमुखांच्या घरचा, विलायती सायकलवाला. दुसरा आमचा श्रीपत.

श्रीपतचा मळा गावाला लागूनच. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या. पहाटे दोन टोपल्या सायकलला बांधून तो शेलूबाजारला जायचा आणि उन्हं वर यायच्या आत परत. त्या वाटेवर नाल्याचा एक उतार आहे, खाली अरुंद पूल. लोक तिथं सायकलवरून उतरून चालत जायचे. हा गडी टोपल्यांसकट गाणं म्हणत उतरायचा. भीती म्हणून काही असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मोटेचा दोर विहिरीत गेला की धोतर खोचून हा खाली. साप निघाला की लोक याला हाक मारायचे. माझ्याहून वयानं लहान, पण दोस्तच. दुकानात येऊन बसायचा, चहा प्यायचा, माझ्या हातांकडे बघत राहायचा. माझ्यावर त्याचा भरवसा होता. कसा भरवसा — तर सायकल दुरुस्त झाल्यावर तो कधी चाक फिरवूनही बघायचा नाही.

दोघांनाही पक्कं चाक हवं होतं. आमच्याकडे तोवर कोणी बसवलेलं नव्हतं. मी अकोल्याला जाऊन दोन संच आणले. तिथला दुकानदार म्हातारा माणूस, मला म्हणाला, "कडं उलट्या आट्याचं हाये, ध्यानात ठेवजो बाप्पा." मी काय म्हणालो असेन? "आमाले शिकवता का?" असं म्हणालो. अजून त्याचा चेहरा आठवतो. तो हसला आणि कागदात सामान गुंडाळून दिलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुकानात ही गर्दी. याची साखळी, त्याचे छर्रे, कोणाचं हँडल खाली करून द्या. तालमीची मंडळी येऊन बसलेली, माझं चाललेलं काम बघत. मी मधुकररावचं चाक घेतलं. चकती बसवली. वरून कडं ठेवलं आणि हात गेला उजवीकडे. हाताची सवय हो — जन्मभर उजवीकडेच आवळलेलं. कडं धरेना. दहा माणसं बघताहेत. मी ते दाबून धरलं, हातोडीनं ठोकलं, पान्यावर पाय देऊन आवळलं. करकर आवाज झाला. तो आवाज ऐकला आणि मला अकोल्याचा म्हातारा आठवला. कडं काढून बघितलं तर आतला आटा पार गेलेला. चाकाचा आटा बचावला होता, तो पोलादी होता. कडं संपलं होतं.

तेव्हाच म्हटलं असतं की, बापहो, चुकलं, कडं खराब झालं. काय झालं असतं? हसले असते. किसन मिस्त्रीला उलटा-सुलटा आटा कळत नाही म्हणाले असते. चार दिवस पारावर तेच चाललं असतं. एवढंच. मी याच्यापलीकडे खूप शोधून पाहिलं, पण दुसरं काही सापडत नाही. फक्त हसले असते.

मी खराब कडं मुठीत धरलं, आत गेलो, श्रीपतच्या संचातलं चांगलं कडं आणलं आणि ते डावीकडे फिरवून मधुकररावच्या चाकावर चढवलं. ते लोण्यासारखं बसलं. मंडळी म्हणाली, "वा मिस्त्री!"

मधुकररावचंच का? श्रीपतचं त्याला का दिलं? याचं उत्तर मी तुम्हाला चांगलंसं देऊ शकलो असतो — मधुकररावचं चाक हातात होतं म्हणून, वगैरे. पण ते खोटं आहे. मधुकररावचा गडी संध्याकाळी येऊन प्रत्येक नट बघणार होता, हे मला माहीत होतं. श्रीपत काही बघणार नव्हता. जो बघत नाही, त्याच्या वाट्याला मी खराब माल दिला. ज्यानं माझ्यावर भरवसा टाकला, त्याचा भरवसाच मी कामाला लावला.

लोक गेल्यावर श्रीपतचं चाक घेतलं. चकती बसवली, होईल तेवढी आवळली. आणि ते आटा गेलेलं कडं — तुम्हाला वाटेल, ठेवून दिलं असेल बाजूला. नाही. मी राळ तापवली, कड्याच्या आत लावली आणि ते चकतीवर चिकटवलं. वरून ग्रीस. बघणाऱ्याला कडं दिसावं म्हणून. धरत काहीच नव्हतं ते. नुसतं दिसत होतं.

तुम्ही म्हणाल, ब्रेक तरी लावून द्यायचे होते. हो. त्याचे ब्रेक खिळ्याला टांगलेलेच होते, डोळ्यांसमोर. किंवा जुनं चाक घालायचं होतं. तासाभराचं काम. पण श्रीपतनं विचारलं असतं, "काहून मिस्त्री?" आणि त्या 'काहून'चं खरं उत्तर मला द्यायचं नव्हतं. मग मी स्वतःशी ठरवलं की सकाळी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, बाबा, उतारावर मागं जोर देऊ नको, हळूच ये. एवढं सांगितलं की झालं. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, भाकर गोड लागत नाही का? मी म्हणालो, शर्यतीची काळजी आहे. त्यात खोटं काही नव्हतं.

सकाळी श्रीपत आला. अंगात नवी बंडी, आईनं दह्यासाखरेचं बोट ओठाला लावलेलं, ते तसंच. माझ्यासाठी मेथीची जुडी घेऊन आला होता — शर्यतीच्या दिवशीसुद्धा. सायकल घेतली आणि म्हणाला, "मिस्त्री, आज त्या उतारावर मधुकररावले मांगं टाकतो पाहा. त्याले थो उतार पाहूनच घाम फुटते."

मी म्हणालो, "श्रीपत —"

तो थांबला. "काय जी?"

बाजूला तालमीची मंडळी उभी होती. मधुकररावचा गडी होता. मी म्हणालो, "काही नाई. जपून."

"तुमी चाक पाह्यलं ना? मंग झालं," तो म्हणाला आणि गेला.

शर्यत सुटल्यावर मी नाक्यापाशी उभा राहिलो. ढोल वाजत होते, पोरं झाडांवर चढली होती, आणि मी आपला मनातल्या मनात सायकलबरोबर चाललो होतो. आता सपाट आहे, काही होणार नाही. आता जायचा उतार — जाताना घोळका असतो, वेग नसतो, हलका जोर पुरतो, तेवढा आवळलेली चकती सोसेल. आता शेलूबाजार. आता वळले. आता... लोक माझ्याशी बोलत होते, मी हो-हो म्हणत होतो. मी तेव्हा एक नवस बोललो. काय नवस असेल? श्रीपत सुखरूप यावा असा? नाही. कोणाला कळू नये असा. पहिल्यांदा तेच तोंडी आलं, दुसरं नंतर सुचलं.

मधुकरराव एकटाच आला. लोकांनी त्याला उचललं. तो ओरडून सांगत होता, पण ढोलांत कोणाला ऐकू येईना. मला मात्र त्याच्या ओठांवरूनच कळलं.

कोणाची तरी सायकल घेऊन मी गेलो. पुलाच्या कठड्याला धडकून श्रीपत पडला होता. समोरून शेळ्यांचा कळप पुलावर आला, त्यानं मागं जोर दिला, आणि सायकल थांबली नाही. शेळ्यांना आणि शेळ्यांमागच्या बाईला वाचवायला त्यानं सायकल कठड्याच्या दगडावर घातली. गुडघ्याचा चेंदा झाला होता. लोकांनी त्याला उचलून निंबाखाली आणून ठेवलं होतं, शुद्धीवर होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. हो, उजळला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "पायडल एकदम ढिले पडले. मांगं दाबलं तं पायाले काही लागेचना. काय झालं ते पाहा बरं तुमी."

"बोलू नको," मी म्हणालो. त्याला बरं वाटावं म्हणून नव्हे. लोक ऐकत होते म्हणून.

त्याला बैलगाडीत घालत होते, तेव्हा मी सायकलीपाशी गेलो. पुढचं चाक दुमडलेलं. मागची चकती अर्धी सुटून आलेली, आणि कडं आसावर लोंबकळत होतं. कोणीही येऊन बघितलं असतं तरी कळलं असतं. मी मागचं चाक उचललं आणि पायडल हातानं पुढं फिरवलं. चार-सहा वेळा. चकती आपली आवळत आवळत जागेवर गेली. कडं दाबून बसवलं, दगडानं हलकेच ठोकलं. लोकांना वाटलं, मिस्त्री तपासतोय. एवढ्याशा गोष्टीला किती वेळ लागतो? विडी पेटवायलाही त्याच्याहून जास्त लागतो. हात थरथरतील असं वाटलं होतं, पण काम करताना माझे हात कधी थरथरत नाहीत.

तालमीचे दोघं आले. म्हणाले, श्रीपत म्हणतो पायडल ढिलं झालं. मी सायकल उचलून दाखवली. पायडल पुढं मारलं, चाक फिरलं. मागं दाबलं — अगदी हलकं, बोटानं — चाक थांबलं. "पाहा," मी म्हणालो, "कडं जागेवर हाये. पक्क्या चाकाचं पायडल ढिलं नाई होत."

"मंग झालं काय?"

आता इथं ऐका. मी म्हणू शकलो असतो, देव जाणे. म्हणू शकलो असतो, नशीब. दगड लागला असेल, वाळूवर चाक सरकलं असेल, काहीही. पण वाळूचं म्हटलं असतं तर ते पुन्हा चाकाकडे आले असते. मला त्यांना चाकापासून दूर न्यायचं होतं. मी म्हणालो, "पाय सुटले त्याचे. उतारावर माणूस भेला की पाय उचलते. मंग पायडल आपलेच गरगर फिरतात, त्याले वाटते ढिले झाले."

हे असं होतं, हे खरं आहे. पक्क्या चाकावर नवखा माणूस घाबरून पाय उचलतोच. म्हणून तर सगळ्यांना पटलं. पण त्या दिवशी ते कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. श्रीपत भ्यायला असेल, हे त्या गावात कोणाला स्वप्नातही सुचलं नसतं. ते मी सुचवलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मधुकररावला फेटा बांधला, आणि पारावर लोक हसत होते — एवढा वाघ, आणि उतार पाहून पाय वर केले! माझ्यावर हसू नये म्हणून मी सगळं केलं होतं. तेच हसू मी उचलून त्याच्या अंगावर टाकलं.

तो अकोल्याच्या दवाखान्यात बरेच दिवस होता. मी भेटायला गेलो. न जाऊन कसं चालेल? लोक म्हणाले असते. खाटेवर पडून तो छताकडे बघत होता. आईला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाला, "मिस्त्री, खरं सांगा. लोक म्हनून राह्यले मी पाय उचलले. मले तं याद नाई. मले वाटते मी दाबले होते. पन तुमी सायकल पाह्यली. तुमी सांगा."

दवाखान्यात औषधाचा वास होता, बाहेर कोणीतरी खोकत होतं. आम्ही दोघंच. तालीम नाही, पार नाही, ऐकायला कोणी नाही. त्या दिवशी सांगितलं असतं तर — त्याचा पाय परत आला नसता, मान्य. पण तो स्वतः त्याला परत मिळाला असता. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "होते असं कवा कवा. पाय उचलले जातात, माणसाले समजत नाई."

त्यानं पायावरची चादर नीट केली. मग म्हणाला, "असन बाप्पा. भेलो असन मी." आणि मान भिंतीकडे वळवली.

गुडघा ताठच राहिला. पण गुडघ्याचं काय, लंगडी माणसं गावात पुष्कळ आहेत. मी दुसरंच बघत आलो. बाजारात पोरं त्याला 'पायउचल्या' म्हणू लागली. पहिल्यांदा तो चिडेल असं मला वाटलं. मी वाट बघत होतो त्याच्या चिडण्याची, तेवढाच मला आधार. तो हसला. पुढं तो स्वतःच ती गोष्ट सांगायला लागला, चवीनं, हात हलवून — "शेळ्या पाह्यल्या अन् फाटली ना माही!" लोक पोट धरून हसायचे. सायकलवर बसला नाही तो पुन्हा, ते ठीक. पण एकदा त्याच्या धाकट्या भावाचा पोरगा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला, कपारीला धरून लोंबत होता. तिथं पहिला पोचला तो श्रीपत. त्याच्या हातांत अजून दोन माणसांचं बळ होतं, दोर बाजूलाच पडला होता. तो काठावर उभा राहून लोकांना हाका मारत राहिला. शेजारचा गडी धावत आला म्हणून पोरगं वाचलं. नंतर श्रीपत मला म्हणाला, "मी नाई उतरलो. माहा भरवसा नाई. ऐन वेळी सोडून देतो मी."

ताठ पायामुळं असेल, मी स्वतःला समजावलं. पण तो पायाबद्दल बोलत नव्हता.

बायकोला सांगेन असं किती वेळा ठरवलं. त्याला सांगेन असंही. तो दुकानात येऊन बसतो, चहा पितो, आणि मी कोणाच्या तरी चाकाचे आरे ओढत ठरवतो की हे चाक झालं की बोलायचं. मग चाक होतं, आणि मी दुसरं घेतो. आता तुम्हाला सांगतोय, त्याला नाही. हीही भीतीच आहे, कळतं मला.

आणि एक राहिलं. ते सांगायचं नव्हतं. वाटलं होतं, इथपर्यंत आलो म्हणजे पुरे. कडं सांगितलं, राळ सांगितली, दवाखाना सांगितला. पण ते सांगितलं नाही तर हे सगळं सांगूनही मी झाकलेलाच राहीन.

दवाखान्यातून आल्यावर, काठी घेऊन चालायला लागल्यावर, श्रीपत पहिल्यांदा कुठं आला असेल? माझ्या दुकानात. एवढं अंतर चालून आला होता, घामानं निथळत होता. पाठीवरच्या पोत्यात वांगी होती, माझ्यासाठी. बस म्हटलं तर बसेना. काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "मिस्त्री, तुमी एवढ्या मेहनतीनं सायकल बनवून देल्ली. मी भेलो, अन् तुमच्या हातच्या कामाचं नाव खराब केलं. लय दिवसाचं सांगाचं होतं. मले माफ करा जी."

दुकानात गिऱ्हाईक होतं. ते माझ्याकडे बघत होतं. मी उठलो, हात पुसले, श्रीपतच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे श्रीपत," मी म्हणालो. "माफ केलं तुले."